भारतात येणारं इंडस्ट्रियल अ‍ॅसिड: आयात, भाव आणि आकडे यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅसिडच्या आयातीबद्दल बातमी आली की ती दोनच प्रकारची असते, एकतर "आयात वाढली, चिंता" नाहीतर "आयात घटली, आत्मनिर्भर". दोन्ही वाचून काही कळत नाही, कारण प्रत्येक अ‍ॅसिडचं कारण वेगळं आहे. म्हणून लोक जे प्रश्न सारखे विचारतात ते इथे एकत्र घेतलेत. खतवाले, केमिकलवाले, कॉमर्सचे विद्यार्थी, सगळ्यांचे मिसळून आहेत.

आपल्याकडे एवढ्या केमिकल कंपन्या असताना अ‍ॅसिड बाहेरून का आणावं लागतं?

प्लांट कमी आहेत म्हणून नाही. अ‍ॅसिड ज्याच्यापासून बनतं तो माल आपल्या जमिनीत पुरेसा नाही, हे खरं कारण. फॉस्फोरिक अ‍ॅसिड बनतं रॉक फॉस्फेटपासून, आपल्याकडे तो राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडाला आणि थोडा मध्य प्रदेशात मिळतो, देशाच्या गरजेपुढे हे काहीच नाही. सल्फ्युरिक बनतं गंधकापासून, आणि आपल्याकडे गंधकाच्या खाणी नाहीत, रिफायनरीत क्रूड साफ करताना जो निघतो तेवढाच. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड बनतं मिथेनॉलपासून, मिथेनॉल बनतो नॅचरल गॅसपासून, आणि स्वस्त गॅस आपल्याकडे नाही. हायड्रोफ्लोरिकला फ्लोरस्पार नावाचं खनिज लागतं, तेही बाहेरचंच.

म्हणजे आपण अ‍ॅसिड आणतो तेव्हा खरं तर दुसऱ्या कुणाचा खडक, गंधक नाहीतर गॅस आणत असतो, फक्त तो द्रव होऊन टँकरमधून येतो. हे एकदा डोक्यात ठेवलं की खालचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

सगळ्यात जास्त आयात कुठल्या अ‍ॅसिडची होते?

पैशात बघितलं तर फॉस्फोरिक अ‍ॅसिड, ट्रेडमध्ये सगळे फॉस अ‍ॅसिडच म्हणतात. फॉस अ‍ॅसिडचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार भारतच आहे आणि हे आजचं नाही, कित्येक वर्षं असंच चालू आहे. वर्षाला साधारण २५ लाख टनांच्या आसपास माल येतो (पी-टू-ओ-फाईव्हमध्ये, म्हणजे त्यातल्या फॉस्फरसच्या मापात, हे माप खाली समजावलंय), एखाद्या वर्षी वर एखाद्या वर्षी खाली. जवळपास सगळा खतात जातो, डीएपी आणि एनपीके बनवायला. थोडा शुद्ध केलेला माल फूड ग्रेड, मेटल ट्रीटमेंट वगैरेला लागतो पण तो हिशोबात किरकोळ.

त्याच्यानंतर सल्फ्युरिक, ते वजनात खूप पण किमतीत कमी. आणि अ‍ॅसेटिक, जे वजनात सल्फ्युरिकपेक्षा कमी पण प्रतिटन महाग.

फॉस अ‍ॅसिड येतं कुठून?

मुख्य चार देश: मोरोक्को, जॉर्डन, सेनेगल आणि ट्युनिशिया. सगळ्यांकडे स्वतःचा खडक आहे, म्हणून तेच विकू शकतात. मोरोक्कोची ओसीपी ही सरकारी कंपनी सगळ्यात मोठी, तिचा जोर्फ लासफार इथे समुद्रकिनाऱ्याला लागून प्रचंड मोठा कॉम्प्लेक्स आहे.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते, ती म्हणजे यातला बराच माल अशा प्लांटमधून येतो ज्यात भारतीय कंपन्यांचाच पैसा लागलेला आहे. मोरोक्कोत इमासिड नावाची कंपनी आहे, त्यात ओसीपी, चंबल फर्टिलायझर्स आणि टाटा केमिकल्स तिघांचा एक-एक तृतीयांश वाटा. जॉर्डनमध्ये एशिदियाला जिफ्को आहे, तिथे इफ्को आणि जॉर्डन फॉस्फेट माइन्स कंपनी पार्टनर. ट्युनिशियात टिफर्ट, त्यात कोरोमंडल आणि जीएसएफसी यांनी पैसा घातला. हा मार्ग मला स्वतःला फार शहाणपणाचा वाटतो, कारण खडक आपल्याकडे नाही हे बदलता येत नाही, पण खडक जिथे आहे तिथल्या प्लांटमध्ये आपली खुर्ची असेल तर टंचाईच्या वर्षी निदान फोन उचलला जातो. अडचणी त्यातही येतात, ट्युनिशियात २०११ च्या क्रांतीनंतर खाणींच्या भागात संप आणि आंदोलनं इतकी झाली की तिथला पुरवठा वर्षानुवर्षं अडखळत राहिला.

खडक आणून इथेच अ‍ॅसिड का नाही बनवत?

बनवतो की. पारादीपला इफ्को आणि पारादीप फॉस्फेट्स, विशाखापट्टणमला कोरोमंडल, हे सगळे खडक आणून इथेच फॉस अ‍ॅसिड बनवतात. पण हिशोब बघा. एक टन पी-टू-ओ-फाईव्ह इतकं अ‍ॅसिड बनवायला ढोबळमानाने साडेतीन टनापर्यंत खडक आणि पावणेतीन टनांच्या आसपास सल्फ्युरिक अ‍ॅसिड लागतं, आणि मागे उरतं सुमारे पाच टन फॉस्फोजिप्सम. खडक बाहेरून, सल्फ्युरिकसाठीचा गंधक निम्मा-अधिक बाहेरून, आणि जिप्समचा डोंगर मात्र आपल्या गावात. हे जिप्सम सिमेंटमध्ये, रस्त्यात, क्षारपड जमिनीत वापरतात, वापर वाढलाय पण प्लांटच्या मागे त्याचे ढीग अजूनही दिसतात.

तरी इथे बनवण्याचे फायदे आहेतच. खडक बऱ्याच देशांकडून घेता येतो, जॉर्डन, इजिप्त, मोरोक्को, टोगो, अल्जीरिया, त्यामुळे भाव पाडून घ्यायला जागा राहते. अ‍ॅसिडचे विकणारे मोजके, तिथे ती जागा नाही. २०२१-२२ च्या तेजीत हे लख्ख दिसलं, ज्यांच्याकडे स्वतःचा फॉस अ‍ॅसिड प्लांट होता ते तग धरून राहिले आणि जे फक्त अ‍ॅसिड विकत घेऊन दाणेदार खत बनवतात त्यांना काही महिने बनवावं की बंद ठेवावं हाच प्रश्न होता. त्यानंतर कंपन्या स्वतःची कपॅसिटी वाढवायच्या मागे लागल्या.

पण मग आयातीच्या तक्त्यात काय होतं? फॉस अ‍ॅसिडची ओळ बारीक होते आणि रॉक फॉस्फेट, गंधक, सल्फ्युरिक या ओळी जाड होतात. बातमीत मात्र "अ‍ॅसिडची आयात घटली" एवढंच येतं.

पी-टू-ओ-फाईव्ह हा काय प्रकार आहे, आणि आकडे जुळत का नाहीत?

फॉस अ‍ॅसिडचा भाव पातळ मालाच्या वजनावर ठरत नाही, त्यात फॉस्फरस किती आहे त्याच्यावर ठरतो, आणि तो फॉस्फरस पी-टू-ओ-फाईव्हच्या रूपात मोजतात. मर्चंट ग्रेड, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या मालात तो साधारण ५२ ते ५४ टक्के असतो. म्हणजे कुणी म्हणालं भाव टनाला १,००० डॉलर, तर ते शंभर टक्के पी-टू-ओ-फाईव्हच्या टनाला, प्रत्यक्ष टँकरमधल्या ५४ टक्क्यांच्या एक टन मालाला ५४० डॉलर.

आता एक जण लिहितो अमुक लाख टन आले, दुसरा त्याच्या जवळपास दुप्पट लिहितो, आणि दोघंही बरोबर असू शकतात, एकाने पी-टू-ओ-फाईव्ह मोजला दुसऱ्याने द्रव मोजला. आकड्याखाली युनिटची टीप नसेल तर तो आकडा वापरूच नका, सरळ सांगतो.

भाव ठरतो कसा? आणि शेतकऱ्याला त्याचं काय?

फॉस अ‍ॅसिडचा भाव दर तिमाहीला ठरतो, भारतीय खत कंपन्या आणि ओसीपी वगैरे पुरवठादार बसतात आणि एक कॉन्ट्रॅक्ट भाव काढतात, सीएफआर भारत, म्हणजे भाड्यासकट आपल्या बंदरापर्यंतचा. हा भाव किती उड्या मारतो ते बघा, २००८ च्या तेजीत तो २,००० डॉलरच्या पलीकडे गेला आणि मंदी आल्यावर कोसळला. मग २०२२ च्या मध्यात १,७१५ डॉलर, आणि एका वर्षात २०२३ च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत ८५० डॉलर, अर्ध्यावर. २०२५ मध्ये परत चढत १,२०० च्या वर गेला.

डीएपीमध्ये ४६ टक्के पी-टू-ओ-फाईव्ह असतो, त्यामुळे अ‍ॅसिड १०० डॉलरने महागलं की एक टन डीएपीचा खर्च ४६ डॉलरने वाढतो, एका टनात ५० किलोच्या २० गोण्या, म्हणजे गोणीमागे २.३ डॉलर. हे रुपयात करा, डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला होता त्या भावाने गोणीमागे २०० रुपयांच्या वर. आणि डीएपीची गोणी शेतकऱ्याला १,३५० रुपयांनाच द्यायची हे सरकारने धरून ठेवलेलं आहे. मधला खड्डा भरतो कोण, तर सबसिडी. एप्रिल २०१० पासून न्यूट्रिएंट बेस्ड सबसिडी आहे, तिचा दर प्रतिकिलो फॉस्फरसवर ठरतो आणि अ‍ॅसिडचा भाव दर बदलण्याच्या आधीच पळाला तर कंपनीचं मार्जिन जातं, मग ती डीएपी सोडून एनपीके बनवायला लागते, आणि ऐन पेरणीत दुकानात "डीएपी नाही, १०:२६:२६ घ्या" असं ऐकायला मिळतं. मोरोक्कोतल्या भावाचा आणि बांधावरच्या रांगेचा संबंध इतका थेट आहे, आणि याच्याबद्दल शेतकऱ्याला कुणी नीट सांगत नाही याचं वाईट वाटतं.

सल्फ्युरिकची आयात अचानक का वाढली होती?

२०१८ मुळे. तुतिकोरिनला स्टरलाइटचा तांब्याचा स्मेल्टर, म्हणजे खनिजातून धातू काढायचा कारखाना होता, वर्षाला ४ लाख टन तांबं बनवायची कपॅसिटी. त्याच्या प्रदूषणाविरुद्ध तिथल्या लोकांचं मोठं आंदोलन झालं, २२-२३ मे २०१८ च्या पोलीस गोळीबारात १३ माणसं गेली, आणि २८ मे ला तमिळनाडू सरकारने प्लांट कायमचा बंद करायचा आदेश काढला. कंपनी कोर्टात गेली, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तिची याचिका फेटाळली.

तांब्याच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे खाणीवर निवडून स्मेल्टरला पाठवलेल्या खनिजात, गंधक असतो, तो भाजताना सल्फर डायऑक्साइड निघतो, हवेत सोडता येत नाही म्हणून त्याचं सल्फ्युरिक बनवतात. एक टन तांब्यामागे अडीच-तीन टन अ‍ॅसिड निघतं. म्हणजे एक स्मेल्टर बंद झाला की दक्षिण भारताच्या बाजारातून वर्षाचं दहा लाख टनांच्या आसपास अ‍ॅसिड गायब. तमिळनाडूतले छोटे युनिट, डिटर्जंटवाले, फिटकरीवाले, खतवाले, सगळ्यांचा माल एकदम महागला आणि आयात वाढवावी लागली. शिवाय तिथे फॉस अ‍ॅसिडही बनायचं, तेही गेलं. आणि तांब्याच्या बाबतीत तर देश निर्यातदाराचा निव्वळ आयातदार झाला.

इथे कोण चूक कोण बरोबर हे मी लिहीत नाही, माणसं गेली त्याच्यापुढे टनांचा हिशोब लहानच आहे. पण जो कुणी २०१८ च्या पुढचा सल्फ्युरिकचा आलेख बघेल त्याला हे माहीत पाहिजे, नाहीतर तो मागणी वाढली असा चुकीचा अर्थ काढेल. मागणीपेक्षा देशातला पुरवठा तुटला होता.

हे आयातीचं सल्फ्युरिक कोण विकतं?

मुख्यतः जपान आणि दक्षिण कोरिया, तिथे तांबं आणि जस्ताचे मोठे स्मेल्टर आहेत. गेल्या काही वर्षांत चीनही, कारण चीनने स्मेल्टर भराभर उभारले आणि अ‍ॅसिड उरायला लागलं. स्मेल्टरवाल्याला अ‍ॅसिड ठेवून घेता येत नाही, टाक्या भरल्या की तांबं बनवणंच थांबवावं लागतं, त्यामुळे मंदीत तो कवडीमोल भावात देतो, प्रसंगी जहाजाचं भाडंसुद्धा निघत नाही. आणि तेजीत तोच माल चिली आणि मोरोक्कोकडे जातो, चिलीत तांब्याच्या खाणीत लीचिंगला, म्हणजे खनिजातून तांबं विरघळवून काढायला लागतो, मोरोक्कोत खतासाठी, आणि भारताला त्यांच्याशी स्पर्धा करून घ्यावा लागतो. म्हणून सल्फ्युरिकच्या आयातीत टन आणि रुपये या दोन रेषा कधीकधी उलट्या दिशांना जाताना दिसतात, टन वाढले आणि बिल कमी आलं असंही होतं.

मग आता ही आयात कमी होईल का?

काही गोष्टी त्या बाजूने आहेत. मुंद्र्याला अदानींचा कच्छ कॉपर हा ५ लाख टनांचा स्मेल्टर मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, तो पूर्ण भरात चालला तर तुतिकोरिनची अ‍ॅसिडची तूट भरून वर उरेल, फक्त ते अ‍ॅसिड पश्चिम किनाऱ्यावर निघणार आणि तूट होती दक्षिणेत. दहेजला हिंदाल्कोचा स्मेल्टर आहे, राजस्थानात हिंदुस्तान झिंकचे आहेत. खत कंपन्यांनीही गंधक जाळून अ‍ॅसिड बनवायचे प्लांट टाकले, कोरोमंडलने २०२३ मध्ये विशाखापट्टणमला एक सुरू केला.

उलट बाजूलाही दोन गोष्टी आहेत. एक, कॉपर कॉन्सन्ट्रेट. जगात स्मेल्टर जास्त आणि खाणीचा माल कमी झालाय, २०२५ मध्ये स्मेल्टरला मिळणारी प्रोसेसिंगची फी शून्यापर्यंत आली, त्यामुळे नवा स्मेल्टर कागदावर जेवढा दिसतो तेवढा चालेलच असं नाही. दुसरं, गंधक. एक टन गंधक जाळला की सुमारे तीन टन अ‍ॅसिड मिळतं, त्यामुळे तीन जहाजं अ‍ॅसिड आणण्यापेक्षा एक जहाज गंधक आणणं सोपं, शिवाय जळताना निघणाऱ्या उष्णतेवर वाफ आणि वीज फुकटात. पण गंधक येतो आखातातून, अमिरात, कतार, ओमान, आणि २०२५ मध्ये त्याचे भाव जोरात चढले, इंडोनेशियातले निकेलचे प्रकल्प प्रचंड गंधक उचलायला लागले हे त्याचं एक मोठं कारण. म्हणजे अवलंबून राहणं संपलं नाही, जपानकडून आखाताकडे सरकलं.

अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड जवळपास सगळंच बाहेरून येतं, हे खरं आहे का?

बहुतांश, हो. मिथेनॉलपासून बनवणारी देशातली मोठी कंपनी म्हणजे भरूचची जीएनएफसी, आणि तिची कपॅसिटी देशाच्या गरजेच्या मानाने लहान. बाकी चीन, मलेशिया, सिंगापूर, तैवान इथून येतं. तिथे मिथेनॉल गॅसपासून नाहीतर कोळशापासून स्वस्तात बनतो, आणि प्लांट एवढे मोठे की आपल्याकडे महागडा गॅस किंवा आयातीचा मिथेनॉल घेऊन त्यांच्याशी भावात भिडणं जमत नाही.

पूर्वी आपल्याकडे मळीतून अल्कोहोल आणि अल्कोहोलमधून अ‍ॅसेटिक असा रस्ता होता, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात असे युनिट होते. मिथेनॉलचा रस्ता स्वस्त पडायला लागल्यावर हा मागे पडला, आणि आता तर इथेनॉल पेट्रोलमध्ये जातो, २०२५ मध्ये २० टक्के ब्लेंडिंग गाठलं, तेव्हा अ‍ॅसिडसाठी अल्कोहोल द्यायला कोण बसलंय.

पण या आयातीला मी वाईट म्हणणार नाही. त्या अ‍ॅसिडचं इथे इथाइल अ‍ॅसिटेट बनतं, अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड बनतं, महाडच्या लक्ष्मी ऑरगॅनिकसारख्या कंपन्या आणि ज्युबिलंट हे बनवून देशात विकतात आणि बाहेरही पाठवतात. कच्चा माल आणून वरचा माल निर्यात होत असेल तर आयात वाढलेली दिसणं हे धंदा वाढल्याचं लक्षण असतं. जोखीम आहे ती पुरवठ्याची, फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत टेक्ससला बर्फाचं वादळ आलं, तिथले प्लांट बंद पडले, आणि इथे महिन्या-दोन महिन्यांत अ‍ॅसेटिकचे भाव असे काही उडाले की छोट्या युनिटवाल्यांनी ऑर्डर घेणंच थांबवलं.

नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक या यादीत का नाहीत?

कारण ते फार फिरतच नाहीत. नायट्रिक साधारण ६० टक्क्यांचं विकतात, म्हणजे चाळीस टक्के पाण्याचं भाडं कोण देणार, त्यापेक्षा अमोनिया आणून इथेच बनवतात, तळोजाची दीपक फर्टिलायझर्स त्यातली मोठी. म्हणजे आयात आहेच, पण ती अमोनियाच्या ओळीत. हायड्रोक्लोरिक तर क्लोरिनच्या कामात आपोआप निघतं, बऱ्याच ठिकाणी ते खपवायचं कसं हीच चिंता असते.

पीटीए हेही अ‍ॅसिडच ना?

हो, प्युरिफाइड टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिड, पांढरी पावडर, पॉलिएस्टर आणि पेट बाटलीचा कच्चा माल. इथे कच्च्या मालाची तशी रड नाही, रिलायन्स आणि इंडियन ऑइलसारखे मोठे उत्पादक देशात आहेत, इथे भांडण धोरणाचं आहे. पीटीएवर अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे बाहेरून फार स्वस्तात येणाऱ्या मालावरचा जादा कर होता, कापडवाले म्हणायचे आम्हाला महाग पडतं, आणि १ फेब्रुवारी २०२० च्या बजेटमध्ये तो काढून टाकला. मग क्वालिटी कंट्रोल ऑर्डर आली, म्हणजे बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) लायसन्स असलेल्या परदेशी प्लांटचाच माल चालेल, आणि आयात परत अडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने पीटीएसकट अनेक वस्तूंवरच्या अशा ऑर्डर मागे घेतल्या. तर पीटीएच्या आयातीचा आलेख वाचायचा असेल तर शेजारी या तारखा लिहून ठेवा, चढउताराचा बराचसा उलगडा तिथेच होतो.

एखाद्या अ‍ॅसिडची आयात खरोखर कमी झाली असं एक तरी उदाहरण आहे का?

अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड. पेंट, अ‍ॅडहेसिव्ह, डायपर यांना लागतं. पूर्वी संपूर्ण बाहेरून यायचं. कोचीला बीपीसीएलने रिफायनरीतल्या प्रोपिलिनपासून अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅक्रिलेट बनवायचा प्रकल्प उभारला, वर्षाला १.६ लाख टन अ‍ॅसिडची कपॅसिटी, फेब्रुवारी २०२१ मध्ये उद्घाटन झालं. हे का जमलं, तर प्रोपिलिन घरचा होता. क्रूड बाहेरचं हे खरं, पण ते तसंही पेट्रोल-डिझेलसाठी येणारच होतं.

हायड्रोफ्लोरिकची आयात तर फारशी दिसत नाही, मग तिथे आपण स्वयंपूर्ण का?

नाही. ते अ‍ॅसिड इथे बनतं, नवीन फ्लोरीन, एसआरएफ, टॅनफॅक हे बनवतात, पण ज्याच्यापासून बनतं तो अ‍ॅसिड ग्रेड फ्लोरस्पार बाहेरून येतो. म्हणूनच २०२३ च्या बजेटमध्ये फ्लोरस्पारवरची ड्युटी ५ वरून २.५ टक्के केली. आयात आहेच, ती खनिजाच्या ओळीत आहे.

लाल समुद्राच्या भानगडीचा अ‍ॅसिडवर परिणाम झाला का?

झाला. नोव्हेंबर २०२३ पासून तिथे जहाजांवर हल्ले सुरू झाले. मोरोक्को, ट्युनिशियाहून येणारं जहाज सुएझमधून न येता आफ्रिकेला वळसा घालून यायला लागलं की कितीतरी दिवस वाढतात, भाडं वाढतं, विमा वाढतो. जॉर्डनची अडचण तर आणखी बिकट, त्यांचं अकाबा बंदर लाल समुद्राच्याच टोकाला, भारताकडे यायला बाब-एल-मंदेबमधून जाण्यावाचून सोपा मार्गच नाही. आणि अ‍ॅसिडची जहाजं कुठूनही उचलून आणता येत नाहीत, फॉस अ‍ॅसिडला स्टेनलेस स्टीलच्या नाहीतर रबर लायनिंगच्या टाक्या लागतात, असे टँकर मोजके, एक जहाज उशिरा परतलं की पुढचे सगळे फेरे सरकतात. कॉन्ट्रॅक्ट भाव भाड्यासकट असतो म्हणून हे लगेच आकड्यात दिसत नाही, पुढच्या तिमाहीच्या बोलणीत वसूल होतं.

आयात-निर्यातीचे आकडे कुठे बघायचे आणि काय सांभाळायचं?

वाणिज्य मंत्रालयाच्या एक्स्पोर्ट इम्पोर्ट डेटा बँकेवर फुकट मिळतात, मूळ आकडे कोलकात्याच्या डीजीसीआयएस या सरकारी आकडेवारी खात्याचे. एचएस कोड, म्हणजे कस्टममध्ये प्रत्येक मालाला दिलेला नंबर, लक्षात ठेवा: सल्फ्युरिक २८०७, नायट्रिक २८०८, फॉस्फोरिक २८०९, अ‍ॅसेटिक २९१५ २१, पीटीए २९१७ ३६. खतासाठी फर्टिलायझर असोसिएशन ऑफ इंडियाचे आकडे जास्त उपयोगी, कारण ते पोषणद्रव्यात मोजतात.

नवे लोक ज्या चुका करतात त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे एकाच महिन्याची मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना. अ‍ॅसिड जहाजाने येतं, एक जहाज ३० तारखेऐवजी २ तारखेला लागलं की एका महिन्यात घट आणि दुसऱ्यात उसळी, प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. निदान तीन महिने, जमलं तर बारा महिन्यांची बेरीज घ्या. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च आणि परदेशी रिपोर्टचं जानेवारी ते डिसेंबर, हेही सांभाळा. आणि फक्त रुपयांवरून कधीच निष्कर्ष काढू नका, भाव अर्ध्यावर आला की टन वाढूनसुद्धा रुपये घटतात, २०२३ मध्ये फॉस अ‍ॅसिडच्या बाबतीत नेमका हाच गोंधळ होण्यासारखी परिस्थिती होती.

माझं छोटं युनिट आहे, मी आयात करत नाही, स्थानिक ट्रेडरकडून घेतो. मला हे सगळं बघून काय फायदा?

तुमचा भाव बाहेरच ठरतो म्हणून. सल्फ्युरिक घेत असाल तर गंधकाच्या आखाती भावावर नजर ठेवा, तो चढला की थोड्याच दिवसांत इथला भाव हलतो, आणि जवळचा स्मेल्टर मेंटेनन्सला कधी जाणार हे ट्रेडरला सरळ विचारा, त्याला माहीत असतं. अ‍ॅसेटिक घेत असाल तर चीनमधले प्लांट बंद-चालू आणि कांडला बंदरातला साठा, या दोन गोष्टी. बीआयएस आणि ड्युटीची नोटिफिकेशन स्वतः वाचायची सवय लावा, २०१९ मध्ये अ‍ॅसेटिकवर क्वालिटी ऑर्डर निघाली आणि २०२२ च्या बजेटमध्ये त्याची ड्युटी कमी झाली, असे बदल छोट्या खरेदीदारापर्यंत उशिरा पोचतात आणि मधल्या काळातला फायदा दुसराच कुणीतरी घेतो. ग्लेशियल, म्हणजे जवळपास पाणी नसलेलं अ‍ॅसेटिक १६.६ अंशाला गोठतं, उत्तरेकडच्या थंडीत ड्रम उघडल्यावर घट्ट झालेला निघाला तर माल खराब नाही, पण तो वितळवायला उघडी आग किंवा गॅसची शेगडी अजिबात लावू नका, त्याची वाफ पेट घेते, कोमट पाण्याचा किंवा गरम खोलीचाच उपाय करा.